बाईंकडे बघायचं नाही

ठकू स्वमग्न आहे, हे तिच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगितलेलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांनी आईला बोलावून घेतलं.

"पोरगी माझ्याकडे बघतच नाही हो. शिकवू कुणाला, तिच्या कानाला? मला या मुलांचं काही कळत नाही. महिनाभर पाहते, नाहीतर तुम्ही दुसरी शाळा शोधा."

दुसऱ्या शाळांनी तर आधीच गोड बोलून दार लावून घेतलं होतं. आईने कंबर कसली. रोज जेवणाआधी समोरासमोर दोन खुर्च्या, आणि "ठकू, डोळ्यांत बघ."

"अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तरी कुठे बघतो?" बाबा म्हणायचे.

"म्हणूनच तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही."

शेवटी ठकू शिकली. पापणी न हलवता बघायला लागली. आणि शाळेतून पुन्हा बोलावणं आलं.

वर्ग रिकामा होता. बाई फळा पुसत होत्या. "काय केलंत हो पोरीचं?"

आई दारातच थांबली.

"दिवसभर माझ्यावर डोळे लावून बसते. पाणी प्यायले तरी डोळे. घोट गिळवेना मला! आणि काही विचारलं तर तोंडातून शब्द नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, बघत नाही म्हणून..."

"म्हणाले होते ना! आज खोडरबर शोधायला बाकाखाली गेली, आणि तिथून गणिताचं उत्तर दिलं. सगळ्यांच्या आधी. वर आली, की परत मुकी. अहो, सगळा जीव बघण्यातच जातो तिचा, ऐकणार कधी?"

"म्हणजे... दुसरी शाळा बघू?"

"दुसरी कशाला? तिला सांगा, बाईंकडे बघायचं नाही. उद्यापासून इथे, खिडकीशी बसवते, बघू दे काय बघायचं ते. मला अजूनही यातलं काही कळत नाही, आधीच सांगते. मी बघण्यासारखी नाही, एवढं मात्र कळलं."

आई मटकन खिडकीजवळच्या बाकावर बसली. गुडघे आत मावेनात. हसायला गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाई किल्ल्या घेऊन दारात थांबल्या.

"रडा आरामात," त्या म्हणाल्या. "फक्त बाक ओला करू नका. उद्या तिथे पोर बसायचीय माझी."