लाल रिबिनीचा नारळ

मी एक नारळ. बोलतोय, कारण मला कुणी फोडत नाही.

मायामीत, क्यूबन लोकांच्या वस्तीत, उसाच्या रसाच्या एका गाळ्यात फळीवर पडून आहे. गळ्यात लाल रिबीन आहे. पोटातलं पाणी आटत चाललंय.

माझा जन्म इथून दक्षिणेला तासाभरावरच्या एका परसातला. झाडावर होतो तेव्हा वाटायचं, माणसं आपल्याला खातात म्हणजे आपल्यावर त्यांचा जीव असणार. खाल्लं असतं तर फार बरं झालं असतं.

मला विकत घेतलं कारिदादनं. हा गाळा तिचाच. साठीची, जाडजूड, तोंडाळ बाई. चरकात ऊस घालता घालता गिऱ्हाइकांना झापते आणि गिऱ्हाइकं तेच ऐकायला येतात. तिची नात यानेलिस, सहा वर्षांची, हॉस्पिटलात होती. हृदयाला भोक. सोमवारी ऑपरेशन. रविवारी सकाळी कारिदादनं मला पिशवीत लपवून तिच्या खाटेपाशी नेलं आणि डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा तिच्यावरून उतरवलं. माझी शेंडी लागून पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली. मग मला रिबीन बांधून गाळ्यासमोरच्या थोरल्या सावरीच्या झाडाखाली ठेवलं. शेजारी एक मेणबत्ती. पोरीचं दुखणं माझ्यात आलं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी रस्त्यावर उत्सव होता. ढोल, कर्णे, तळणाचा वास, पानामा टोप्या घातलेले म्हातारे आणि त्यांच्याहून जोरात नाचणाऱ्या म्हाताऱ्या. पण झाडापाशी आलं की जो तो मला वळसा घालून जाई.

दुपारी ईडन प्रेरीहून आलेलं एक मराठी कुटुंब गाळ्यावर थांबलं. मिनेसोटाच्या थंडीला कंटाळून चार दिवस ऊन खायला आलेले. देवयानी, तिचा नवरा शंतनू, पाच वर्षांची सावनी आणि सांगलीहून लेकीकडे आलेल्या लताकाकू.

"अगं बाई, उसाचा रस!" काकू हरखल्या. "आलं-लिंबू हवं होतं मात्र."

सावनीला पाहून कारिदादचे डोळे भरले. तिनं पोरीला एक ग्लास फुकट दिला, जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला. तिला कोण आठवलं ते मला कळलं. काकूंना कसं कळणार?

पाचच मिनिटांत सावनीनं मला चेंडूसारखं उचललं. गाळ्यातून कारिदाद जिवाच्या आकांतानं ओरडली. काकूंनी वळून पाहिलं. नारळ, लाल रिबीन, झाडाचं बूड, मेणबत्ती. त्यांचा चेहरा उतरला.

"टाक ते! देवयानी, उतारा आहे गं!"

"आई, प्लीज! अमेरिकेत कसला उतारा? डेकोरेशन असेल."

"मग ती बाई का ओरडली? आणि रस का पाजला? मुके का घेतले? मी काय दुधखुळी आहे?"

"आई, सीन नका करू ना, लोक बघतायत," शंतनू म्हणाला आणि मोबाइल काढून शूटिंग करायला लागला.

काकूंनी मला हातात घेतलं. सावनीवरून सात वेळा उतरवलं, डोक्यापासून पायापर्यंत. हुबेहूब तसंच. सावनीलाही गुदगुल्या झाल्या. मग ताडताड चालत काकू गाळ्यावर गेल्या आणि मला कारिदादच्या ओंजळीत कोंबलं.

"तुझं तुला!"

कारिदादला मराठीचा एक शब्द येत नाही. तिला सगळं कळलं. समोरची बाई तिच्यासारखीच आजी होती, म्हणून तर कळलं. काकू मागे न बघता निघून गेल्या, तेही रीतीला धरून.

संध्याकाळी कारिदादच्या मुलीचा, मारिसोलचा, फोन आला. "मम्मी, कधी येतेस? ती सारखी तुलाच विचारतेय."

"मी येणार नाही. ते माझ्याकडे परत आलंय. माझी सावलीसुद्धा तिच्यावर नको."

"मम्मी, तिला भीती वाटतेय गं!"

कारिदादनं फोन ठेवला आणि पदपथावर बसून हंबरडा फोडला. नाचणाऱ्यांना वाटलं, बाईला चढली.

सोमवारी यानेलिसला आत नेलं, तेव्हा ती दाराकडे बघत होती म्हणे. आजीला शोधत होती. पोर परत बाहेर आली नाही. हे मारिसोलनं इथेच, या गाळ्यात उभं राहून सांगितलं. त्यानंतर ती आईशी बोललेली नाही.

आणि मी? माझ्यात काय होतं? ओंजळभर पाणी आणि खोबरं. कुणाचं दुखणं मी घेतलं नाही, कुणाला दिलं नाही. दोन आज्यांनी मिळून मला विषारी ठरवलं, एवढंच.

कारिदाद मला टाकत नाही, दुसऱ्या कुणी उचललं तर? फोडत नाही, आतलं बाहेर आलं तर? आता ती गिऱ्हाइकांना झापत नाही. गिऱ्हाइकंही कमी झालीत.

वाचकहो, कधी या रस्त्यावर आलात तर मला उचला आणि तिच्यादेखत फरशीवर आपटा, असं सांगणार होतो. पण नको. आत नुसतं खवट खोबरं निघालेलं तिला दिसेल. मग ती पोर एकटी का गेली, याला कारणच उरणार नाही.

पडू द्या मला इथेच. रस प्या आणि जा.