पडद्यावरची दाढ

भाच्याने दहा वर्षांपूर्वी माझ्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसवली होती. दोन महिन्यांपूर्वी तिचा कोपरा तुटला. त्याने तो घासून गुळगुळीत केला आणि म्हणाला, "किरकोळ आहे गं, मावशी."

आज दंतवैद्यांच्या सभेत त्याने मला कौतुकाने पुढच्या रांगेत बसवलं. पडद्यावर माझी दाढ झळकली. "दहा वर्षांनंतरही जशीच्या तशी!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मी मात्र शेजारची दाढ बघत होते. ती त्यानेच तीन वर्षांपूर्वी काढली होती, आणि फोटोत ती ऐटीत उभी होती.

चहाच्या वेळी मी विचारलं, "फोटो कॅप बसवली त्या दिवशीचा ना रे?"

"हळू बोल. मी बसवलेल्या इतक्या कॅपांपैकी एकच तर तुटलीय."

"मग तुटली म्हणून सांग की. गणित चुकलं की लहानपणी तूच पाटी घेऊन माझ्याकडे यायचास."

"तेव्हा टाळ्या कुठे मिळायच्या, मावशी?" तो हसला.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण आली. "त्या पेशंट याच का?"

"याच. विचारा की त्यांनाच!" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गप्प बसणार, याची त्याला पक्की खात्री होती.

"टॉर्च आहे का गं?" मी तिला विचारलं आणि तोंड उघडलं.