लाल शर्टवाल्याची पाळी

‘खेळ सुरू करा. शनिवारी स्टॉल उठेपर्यंत थांबू दिला नाहीत, तर यंत्र तुमचं.’

आकुर्डीच्या कॉलेजच्या गेटाशी सोमवारी हा फलक लागला तेव्हाच मी भाच्याला म्हणालो, हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरात कुणी कंपनीत नसणार. भाच्याचं झेरॉक्सचं दुकान गेटासमोरच आहे आणि पेन्शनीत गेल्यापासून माझा मुक्काम तिथल्या स्टुलावर. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं नाही तेही खरंच आहे.

यंत्राचं नाव फिरकी. तळहाताएवढा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आणि आत एक लाल शर्टवाला गडी. तो पळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो. विकायला उभी होती वर्षाली, परभणीची पोर, पुनावळ्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिचा साहेब शेखर तिला सांगून गेला होता, “पोरं घटकाभरात हरतील, पुढचा येईल. गर्दी झाली की खोकी खपतात. शनिवारपर्यंत खपली नाहीत तर सोमवारी येऊ नकोस.” खेळून बघायला एकच यंत्र उघडं, बाकीची खोकी सीलबंद.

पहिलाच आला आयुष. त्याच्या लेक्चरची वेळ झाली तरी लाल शर्टवाला पडेना. मग त्याच्या वर्गातली मैत्री नावाची मुलगी आली, आयुषच्या बोटांवर बोटं ठेवली आणि म्हणाली, “सोड. चार्ज घेतला.” त्यानं हळूच बोटं काढली. गडी पळतच राहिला.

“असं नाही चालत,” वर्षाली म्हणाली. “एकानंच खेळायचं असतं.”

“कुठं लिहिलंय, ताई?” आयुष म्हणाला. “माझे पप्पा चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. पुढच्या पाळीच्या रिलिव्हरचा हात पडल्याशिवाय मशीन सोडत नाहीत. माणूस बदलला म्हणून मशीन बंद पडलं, असं म्हणतात का?”

तिथून पुढं तीन पाळ्या लागल्या. पहिलीला मेकॅनिकलची पोरं, दुसरीला कॉमर्सच्या पोरी, आणि गेट बंद झालं की तिसरी आयुषच्या घरी. यंत्र वर्षालीच्या नावावर, म्हणून तीही पॉवर बँक धरून मागोमाग. आयुषचा बाप जयसिंग रात्री कंपनीतून आला, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि चार्ज घेतला. त्याचा अंगठा प्रेसवर घडलेला. लाल शर्टवाल्याच्या उड्या अशा एकसारख्या पडायला लागल्या, की कुठलीही उचलावी आणि मोजपट्टी लावावी.

“तू झोप बिनघोर,” तो वर्षालीला म्हणाला. “गडी पडत नाही.”

गडी पडला नाही. खोकंही खपलं नाही. उघडं यंत्र हातात मिळाल्याशिवाय विकत घेणार कोण?

शुक्रवारी मैत्रीला शंका आली. “ताई, ह्याचा शर्ट लाल होता ना?” तो आता गाजराच्या रंगावर आला होता. दुपारपर्यंत गालावर दाढीचे खुंट दिसायला लागले. वर्षाली म्हणाली, पडद्याचा दोष असेल. पण पडद्याच्या दोषानं माणूस लंगडत नाही.

शनिवारी भर दुपारी, मैत्रीच्या हातात असताना, तो एका खड्ड्याच्या काठाशी थांबला. मैत्रीनं बटण दाबलं. त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग खाली बसला, एकेक बूट काढला, उलटा करून खडे झाडले आणि पायाची बोटं चोळत राहिला.

गेटाशी एवढी पोरं, पण रस्त्यावरच्या बसचा गिअर बदललेला ऐकू आला. माझ्या हातातल्या चहावर साय धरली. जयसिंग कंपनीच्या गाडीला निघाला होता, तो वाटेत डोकावला आणि पांढरा पडला.

“अरे,” तो म्हणाला, “आपण सगळे आलटून पालटून बदलत राहिलो. ह्याला बदली कोण होतं?”

आयुष मटकन फुटपाथवर बसला. एकाच माणसाकडून सलग पाळ्या काढून घेणाऱ्या साहेबाला घरी काय शिव्या पडतात, हे ते पोर लहानपणापासून ऐकत आलेलं.

तेवढ्यात शेखर गाडीतून उतरला. त्यानं पडदा पाहिला आणि त्याच्या तोंडचा रंग त्या शर्टासारखाच उडाला. पण साहेब तो साहेब. “अडकलंय काहीतरी आत,” तो म्हणाला. “वर्षाली, रिसेट मार. पहिल्यापासून पळेल.”

“सर, तो बसलाय.”

“रिसेट मार. नाहीतर सोमवारचं तुला माहीत आहे.”

वर्षालीनं यंत्र हातात घेतलं. आठवडाभर ती स्टॉलवर एकटी उभी होती. पाणीसुद्धा बेतानं प्यायची, कारण बाथरूमला जायचं तर खोक्यांपाशी थांबणार कोण? तिचा अंगठा रिसेटवर गेला. पडद्यातल्या गड्यानं बूट जवळ ओढले आणि एक पायात घालायला घेतला.

तिनं अंगठा उचलला आणि यंत्र बंद करून टाकलं.

“झालं,” शेखर म्हणाला. “पोरांचं बक्षीस गेलं, तुझी नोकरी गेली.”

“गेली तर गेली,” वर्षाली म्हणाली.

मैत्री पुढं आली. “ताई, नव्या खोक्यात दुसरा असेल ना? ताज्या दमाचा?”

“असेल की.”

“मग मला दोन दे. एक पळेल तेव्हा एक झोपेल.”

आयुष उठला, त्यानंही जोडी मागितली. मागं रांग लागली. एकटा गडी घरी न्यायला कुणीच तयार होईना. जयसिंगनं कंपनीची गाडी सोडली आणि सील फोडायला बसला. शेखर नुसता बघत राहिला. गिऱ्हाईक आपण होऊन दुप्पट माल मागतंय, हे त्याच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये आलं नव्हतं.

“सोमवारी ये,” तो म्हणाला.

“येईन.” वर्षालीनं एका हातानं टेबलाखालून डबा काढला, दुसरा हात खोक्यांवरच होता. “पण आधी इथं हात ठेवा, सर.”

“कशाला?”

“ठेवा.”

त्यानं खोक्यांच्या थप्पीवर हात ठेवला. तेव्हा कुठं तिनं आपला हात काढला आणि जेवायला गेली.