समासातली खूण

"नाही हो, असं मी म्हटलंच नाही," फोनवरून म्हातारीचा आवाज आला.

मुद्रितशोधकाची पेन्सिल थांबली. छापायचं प्रत्येक विधान बोलणाऱ्याला वाचून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की समासात खूण करायची, ही त्याची एकोणतीस वर्षांची रीत. मासिकाचा तंत्रज्ञान विशेषांक छपाईला जायला पंचवीस मिनिटं उरली होती. गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलणाऱ्या यंत्रावरच्या आठ पानी लेखासाठी वार्ताहर मुलगी या म्हातारीकडे जेमतेम वीस मिनिटं टेकली होती. बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं.

त्याने पुन्हा वाचलं, "'ह्यांचा आवाज घरात परत आला आणि माझा एकटेपणाच संपला.'"

"मी म्हटलं, ह्यांचा आवाज ऐकून रडू आलं. तो डबा रोज विचारतो, जेवलीस का? हे हयातीत कधी विचारायचे नाहीत! तिसऱ्या दिवशी वायर काढून कपाटात टाकला."

त्याला हसू फुटलं. तिला नाही.

"मुलगा दर रविवारी फोन करायचा. डबा पाठवल्यापासून बंद. म्हणतो, आता बाबा आहेत की सोबतीला. हे छापून आलं तर कायमचाच सुटला तो. एवढं वाक्य काढा, भाऊ."

"काढतो, मावशी. शब्द देतो."

संपादक त्याच्या मुलाच्या वयाचा. त्याने मानही वर केली नाही.

"काका, फोटोखालचं ठळक वाक्य आहे ते. काढलं तर पान उघडं पडेल."

"पण बाई म्हणते, खोटं आहे."

"आवाज परत आला ना? मग? एकटेपणा कुणी मोजलाय? तुमच्या नोकरीची मुदतवाढ मालकांपुढे आहे. आज पान अडवू नका."

एकोणतीस वर्षांत त्याने खोटी खूण केली नव्हती. ती केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची लाज त्याला जिना उतरताना वाटली.

अंक निघाल्यावर आठवड्याने फोन वाजला. त्यानेच उचलला.

"मुलाने वाचलं हो," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. "फार खूश झाला. स्वयंपाकघरासाठी दुसरा डबा पाठवलाय. त्या दिवशी माझ्याशी बोललात ते तुम्हीच ना, भाऊ?"

समोर टेबलावर मुदतवाढीचं पत्र होतं.

"नाही," तो म्हणाला. "ते सुट्टीवर आहेत."

"असं होय," ती म्हणाली. "आवाज मात्र हुबेहूब त्यांचाच काढलाय."

आणि तिने फोन ठेवला.