न हलण्याचे काम

मालसुनने चष्मा पुसला, परत लावला आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रापुढे उकिडवी बसली. कोळशाने काढलेले चित्र. त्यातली बाई पाठमोरी, उघडी, स्टुलावर बसलेली.

"हीच मी," ती म्हणाली. "उजवा खांदा खाली आहे बघ. लहानपणी गिंकोच्या झाडावरून पडले होते."

ही-वॉनने ते वहीत टिपून घेतले. जिंजू शहरातल्या या विद्यापीठात, कलासंग्रहालयाच्या नोकरीत तिला दोनच वर्षे झाली होती, आणि पुढच्या गुरुवारी उघडणारे हे प्रदर्शन तिचे स्वतःचे असे पहिलेच. चित्रकला विभागाच्या कोठीत विद्यार्थ्यांच्या जुन्या रेखाचित्रांचे गठ्ठे सापडले होते. निम्म्याहून अधिक चित्रांत एकच बाई होती आणि कागदाच्या मागे एकच नाव: टाक मालसुन. त्या नावाचा माग काढत ही-वॉन नदीपलीकडच्या वस्तीत जाऊन पोचली होती.

मालसुन आज आली होती ती मात्र एवढेच सांगायला. गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि तिने सांगून टाकले.

"चित्रं लावा खुशाल. माझं नाव तेवढं काढा. घरी ठाऊक नाही."

"घरी काय सांगितलं होतं?"

"विभागात सामानाची मांडामांड करते म्हणून. पंचवीस वर्षं. तसं अगदीच खोटं नाही. मीच सामान आणि मीच मला मांडायची."

ही-वॉनने हसू दाबले. "तुमची इच्छा, बाई."

"मला बाई कसली म्हणतेस? मी कुठे शिकवत होते!"

"तुमच्याकडे बघूनच शिकले ना सगळे."

ही-वॉनने संगणकावर मजकूर बदलला आणि नवी पट्टी छापून आणली. मालसुनने ती हात लांब करून वाचली. 'अज्ञात स्त्री.'

"अज्ञात म्हणजे?"

"कोण ते माहीत नसलेली."

"कोणाला माहीत नाही? पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले की माझ्या डब्यातलं किम्बाप जायचं. आणि हे काढणारा," तिने पाठमोऱ्या चित्राकडे बोट केले, "पहिल्या दिवशी माझ्याकडे बघेचना. लाजून नुसतं स्टूल काढत बसला. आणि मी अज्ञात?"

"मग काय लिहू?"

मालसुनने पट्टी टेबलावर ठेवली. तिच्यावर सुरकुती नव्हती, तरी तळव्याने दोनदा सपाट केली.

"टाक मालसुन लिही. मोठ्या अक्षरांत. म्हाताऱ्यांना वाचता आलं पाहिजे."

घरी तिचा नवरा ग्वाक गच्चीत बसून पर्सिमन सोलत होता. सोललेली केशरी फळे दोरीला बांधून वाळत टाकायची होती. शहर बसवर तीस वर्षे चालक म्हणून काढल्यामुळे छापील काही दिसले की तो थांब्यांची नावे पुकारल्यासारखे मोठ्याने वाचायचा. मालसुनने संग्रहालयाचे पत्रक त्याच्यापुढे ठेवले.

"गुरुवारी उद्घाटन. मंगळवारी व्याख्यान. शनिवारी सर्वांसाठी रेखाटनवर्ग. प्रदर्शन: मॉडेल टाक मालसुन, पंचवीस वर्षे." त्याने मान वर केली. "हिचं नाव तुझंच आहे."

"मीच ती."

सुरी थांबली.

"मॉडेल म्हणजे... कपडे?"

"नसायचे."

ग्वाकने अर्धवट सोललेले फळ पुन्हा सोलायला घेतले. मालसुन उभी होती तिथेच उभी राहिली. न हलता उभे राहण्याचा तिला पंचवीस वर्षांचा सराव होता, पण इतके अवघड कधी गेले नव्हते.

फळ पूर्ण सोलून झाल्यावर तो म्हणाला, "थंडी वाजायची का तिथे?"

"हीटर एकच होता. एक कूस भाजायची, दुसरी गारठायची."

"सांगायचं नाही? डेपोत एक पडून होता. आणून दिला असता."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

ग्वाकने खरोखरच विचार केला. "नसतं," तो म्हणाला.

त्या दिवशी जेवताना तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही कामापुरतेच. बुधवारी मात्र त्याने कपाटातून एकुलता एक सूट काढला आणि गच्चीत वाऱ्यावर टांगला. मालसुनने ते पाहिले.

"अहो, शेजारणी येतील उद्या. काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय त्यांना? दर रविवारी सार्वजनिक न्हाणीघरात बघतातच की तुला."

गुरुवारी दालन भरून गेले. भाषणे झाली. केस पिकलेले माजी विद्यार्थी एकेक करून मालसुनपुढे कमरेत वाकू लागले. तिला चेहरे आठवत होते, नावे आठवत नव्हती. ग्वाक हात मागे बांधून एकटाच चित्रांपुढून चालला होता. काही चित्रांपुढे तो रेंगाळला, काहींपुढून मान खाली घालून गेला. मालसुनचा एक डोळा सारखा त्याच्यावर होता.

शेवटच्या भिंतीपाशी तो थांबला तो थांबलाच. तिथे सात चित्रे ओळीने होती, एकाच विद्यार्थिनीने एकाच बाजूने काढलेली. खुर्ची तीच, बसणे तेच. खाली तारखा होत्या, एका वसंतातल्या: मार्चपासून जूनपर्यंत. पहिल्यात पोट सपाट होते. चौथ्यात गोलाई आली होती. सातव्यात बाईचे दोन्ही हात पोटाखाली होते, काही उचलून धरल्यासारखे.

ग्वाक पहिल्यापाशी परत गेला. तारखा वाचत, बोटांवर काही मोजत सातव्यापर्यंत आला. मग त्याने खिशातून फोन काढला. कान जड झाल्यापासून तो फोनवर ओरडूनच बोलायचा. अर्धे दालन वळून पाहू लागले.

"युनसिल? रविवारी ये. पोरांनाही आण... नाही, आई बरी आहे... अगं, तुझी चित्रं लागलीत इथे. सात आहेत. पहिल्यात दिसत नाहीस, पण सातव्यात अगदी ठळक आहेस."