कोतवालाची फांदी

टक्.

भर दुपारची वेळ. ऊन असं पडलेलं की कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीला पोट लावून गप पडली होती. लाईट गेलेली, म्हणून पंखाही मुका. सिंधूबाई, रागिणीची सासू, ओसरीवर तोंडावर पदर घेऊन झोपलेली, आणि तिच्या कुशीत रागिणीची पाच वर्षांची लेक राणी. दिवसातली तेवढीच घटका आपली, म्हणून रागिणी भिंतीला टेकून नुसती बसली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तो आवाज आला. टक्. थोडं थांबून परत, टक् टक्.

डब्यांमागं पाल असेल, असं तिला आधी वाटलं. मग एकदम उमगलं. पाय न वाजवता ती कोपऱ्यातल्या टोपल्याजवळ गेली. भुश्यावर खुडूक बसलेल्या कोंबडीनं पिसं फुलवून तिच्याकडे रागानं बघितलं. तिच्या पोटाखालून डोकावणाऱ्या एका अंड्याला बारीक तडा गेला होता, आणि आतून कुणाला तरी बाहेर यायची घाई झाली होती.

"राणे, ऊठ गं. लवकर ये."

राणी डोळे चोळत आली, टोपल्याशी उकिडवी बसली आणि अंडं फुटून ओलं पिल्लू बाहेर पडेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही. मग हळूच म्हणाली, "ह्याला तर ससाणा न्हाई ना नेणार?"

"न्हाई," रागिणी म्हणाली. म्हणाली खरं, पण नजर दाराबाहेरच्या आभाळाकडे गेली.

ही कोंबडी रागिणीनं माहेराहून, कुरुंद्याहून, एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. दिवाळीनंतर तिची पहिली पिल्लं निघाली ती ससाण्यानं एकेक करून उचलली. शेवटचं गेलं ते राणीच्या डोळ्यांदेखत, ती दाणे टाकत असताना, वीतभर अंतरावरून. राणी तेव्हा नुकतीच टायफॉईडमधून उठलेली. अंगावर नुसती कातडी. भाकरी नको, दूध नको, दिवसाला एक अंडं तेवढं आवडीनं खायची. त्या दिवसापासून तेही सोडलं. ताटलीत अंडं ठेवलं की बाजूला सरकवायची आणि म्हणायची, "तिची सगळी गेली. आता हे बी मीच खाऊ?"

समजावून झालं, रागावून झालं. लेकरू ऐकत नव्हतं. वजन वाढत नव्हतं. तेव्हा रागिणीनं मनाशी धरलं होतं, ह्या खेपेची पिल्लं जगली पाहिजेत. काही होवो, जगली पाहिजेत.

अंगणात एक कडुलिंब होता. त्याची एक जाड फांदी शेळ्यांच्या जागेवर आडवी येऊन मग तिरकी वर चढलेली. त्या फांदीच्या बेचक्यात त्या वर्षी कोतवालाच्या जोडीनं घरटं केलं होतं. काळाभोर पक्षी, साळुंकीएवढा, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. जीव केवढासा, पण राग अंगात मावत नव्हता. झाडाखालून कुणी गेलं की तीर सुटल्यासारखा यायचा आणि डोक्यात टोचा मारून जायचा. सिंधूबाईवर तर त्याचा विशेष लोभ.

"माज्या केसाचं घरटं करतो का रं मुडद्या?" ती डोकं चोळत ओरडायची.

"त्याला काळे केस लागतेत माय, तुझे काहून नेईल?" शिवहार, रागिणीचा नवरा, शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणायचा. त्याला हसू येई, कारण शेळ्यांवर कोतवालाचा राग नव्हता. उलट शेळीच्या पाठीवर बसून तो आरामात फिरायचा, तिच्या खुरांनी उडालेले किडे टिपायचा, आणि शेळी त्याला मुकाट वागवायची.

सिंधूबाईनं मग शेणाचं टोपलं डोक्यावर पालथं घालून अंगणातून जायला सुरुवात केली. राणी हसून हसून लोळली. रागिणीला मात्र हसू येईना. पिल्लं आता अंगणात उतरली होती आणि माणसाला न सोडणारा हा पक्षी त्यांचे डोळे फोडायला कमी करणार नाही, असं तिला वाटत होतं.

"ती फांदी तोडून टाका," तिनंच शिवहारला सांगितलं. "तशी बी शेळ्यांच्या नव्या शेडच्या आड येऊन राहिली."

शिवहारलाही ते बराबर वाटलं. मागच्या पावसाळ्यात भिजून त्याची दोन करडं गेली होती. पत्रे आणून ठेवलेले, वेल्डिंगवाला देविदास परवा सकाळी येणार. त्याआधी फांदी काढायची, ठरलं.

फक्त कोंबडीला हे ठरलेलं मान्य नव्हतं. रागिणी तिला दाराशी हाकलून आणायची, आणि पाठ वळली की ती पिल्लांसकट पुन्हा त्याच फांदीखाली जाऊन माती उकरत बसायची. "कोंबडीची अक्कल ती केवढी," रागिणी कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासत होती. पिल्लं उकिरड्याकडे पार लांब गेलेली. अचानक लिंबावरून कोतवाल खरखरीत, घाईघाईनं ओरडला. रागिणीनं वर बघितलं. आभाळ मोकळं. पण कोंबडीनं वर बघितलंही नाही. तिनं घशातून एकच आवाज काढला आणि पळत सुटली. मागून सगळी पिल्लं, कापसाचे बोळे वाऱ्यानं ढकलावेत तशी. घर जवळ होतं. ती घराकडे आली नाही. थेट लिंबाकडे गेली, त्या फांदीखाली, आणि पंख पसरून बसली.

मग ससाणा आला. घरांच्या आडून, जमिनीलगत, आवाज न करता.

रागिणीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. पण ती ओरडायच्या आत वरून दोन काळे दगड सुटावेत तसे ते दोघं सुटले. एकानं ससाण्याच्या पाठीवर बैठकच मारली, दुसरा डोक्याशी. ससाणा आडवा झाला, वळला, भिंतीला लागता लागता वाचला आणि शेताकडे पळाला. ते दोघं त्याला पार विहिरीपलीकडे घालवून आले. येऊन शेपट्या हलवत फांदीवर बसले, जसं काही झालंच नाही. फांदीखाली पंखांच्या फटीतून एकेक डोकं बाहेर आलं. सगळी होती.

हात फेसानं भरलेले तसेच धरून रागिणी उभी राहिली. मग तिला दिसलं की त्याच झाडाच्या खालच्या अंगाला होल्यानंही, कबुतरासारख्या त्या करड्या पाखरानंही, घरटं केलंय. चार काड्यांचं, गरीब, बिनधास्त घरटं. भित्र्या होल्यालाही कळलं होतं, कुणाच्या शेजारी बिऱ्हाड करावं. कोंबडीला कळलं होतं. शेळ्यांना कळलं होतं. राहिली होती ती एकटी, आणि फांदी तोडा म्हणून सांगणारीही तीच.

रात्री शिवहार दमून आला तो जेवता जेवताच पेंगला. सांगायचं राहून गेलं. सकाळी ती दळण घेऊन परतली तेव्हा देविदास मशीन उतरवत होता आणि शिवहार कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभा.

"थांबा," ती धावतच आली. "तोडू नका."

"काहून?"

तिनं धाप टाकत ससाण्याचं सगळं सांगितलं.

"तूच म्हनलीस ना तोडा म्हणून?"

"म्हनले. चुकलं माझं."

देविदास हसला. "वहिनी, कोतवालाला घरकुल मंजूर झालं का काय?"

"हसू नका भाऊजी. ही फांदी गेली तर ह्या खेपेची पिल्लं बी गेली."

"आन् माझी करडं?" शिवहारचा आवाज चढला. "मागल्या साली ह्याच हातानं पुरली मी. हा देविदास आज गेला तर पावसाआधी पुन्ना येत न्हाई. तुझ्या कोंबडीपायी शेळ्या भिजवू?"

त्याचंही खोटं नव्हतं. राणी पिल्लांपाशी उभी होती, एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत. शिवहारनं कुऱ्हाड खांद्याला अडकवली आणि झाडावर चढला. कोतवालानं त्याला डोक्यात, मानेवर, कानावर सपासप टोचे मारले. खालून सिंधूबाई ओरडली, "टोपलं देऊ का रं?"

शिवहार बेचक्यापर्यंत पोचला. आणि थांबला. खालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. कुऱ्हाडीचा घाव काही ऐकू येईना. मग तो सावकाश उतरला. कानामागं रक्ताचा ठिपका.

"मादी बसलेली हाय," तो म्हणाला. "खाली पिल्लं. कुऱ्हाड बघितली तिनं. सरकली न्हाई. एवढीशी हाय, पर सरकली न्हाई."

बोलता बोलता त्यानं रागिणीकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. पण तिला कळलं त्याला काय आठवलं ते. हिंगोलीचा दवाखाना. राणी तापानं फणफणलेली, नर्स म्हणत होती बाहेर बसा, आणि रागिणी खाटेचा दांडा धरून बसली होती ती उठलीच नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटसोबतची बाई रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकर न विचारता तिच्या हातात ठेवायची. घाईघाईत सुट्टी मिळाली, आणि त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

"देविदास," शिवहार म्हणाला, "फांदीपुरता पत्रा कापता येईल का?"

"नवा पत्रा कापू? पाणी गळल ना तिथून."

"गळू दे," रागिणी म्हणाली. "मी घमेलं ठेवीन."

"ठेवशील?" शिवहारनं कान पुसत विचारलं. "रोज?"

"रोज."

देविदासनं कपाळाला हात लावला. "लोकं शेडला झाड कापतेत, तुमी झाडाला शेड कापा. आधी मला एक टोपलं द्या, त्याबिगर मी वर चढत न्हाई."

तर असं ते शेड झालं. एका कोपऱ्याला घास घेतल्यासारखा पत्रा आणि त्यातून वर गेलेली फांदी. महिनाभर त्या अंगणातून सगळी माणसं डोक्यावर टोपलं घालून फिरली. आल्यागेल्यासाठी एक टोपलं दाराशी टांगूनच ठेवलं होतं. गाव हसलं. हसू दे, सिंधूबाई म्हणायची, आमच्याकडं पहारा हाय, तुमच्याकडं हाय का? पाऊस लागला तशी रागिणी उठल्या उठल्या घमेलं रिकामं करायची. करडं कोरडी राहिली. एकदोनदा ससाणा गावावरून फिरला, पण त्या अंगणात उतरला नाही. पिल्लांना पिसं फुटली, तुरे दिसायला लागले. कोतवालाचीही पिल्लं उडाली आणि आईबापासारखी शेळ्यांच्या पाठीवर बसायला शिकली.

कोंबडी पुन्हा अंड्यावर आली तेव्हा रागिणीनं काही न बोलता एक अंडं उकडून राणीच्या ताटलीत ठेवलं. राणीनं दारातून बाहेर बघितलं. पिल्लं, आता ती पिल्लंही राहिली नव्हती, शेडखाली शेळ्यांच्या पायांत चरत होती. तिनं बोटावर मोजली. पुन्हा मोजली. मग अंडं उचललं आणि खाल्लं, सगळं, बोटं चाटून. रागिणी चुलीकडे तोंड करून बसली होती, डोळे धुरानं भरल्यासारखे, आणि चूल तर पेटवलेलीच नव्हती.

उठताना राणीनं भाताची चार शितं मुठीत घेतली आणि फांदीखालच्या दगडावर नेऊन ठेवली. कोतवालानं ती बघितली, उडाला, शेळीच्या पाठीवर बसला आणि तिथून एक नाकतोडा टिपला.

"घेत न्हाई," राणी हिरमुसून आली. आईच्या पदराला हात पुसत उभी राहिली. मग फांदीकडे बघत म्हणाली,

"आई, आपली पिल्लं त्यानं वाचवली, हे त्याला ठाऊक तरी हाय का?"