इंदुताईंच्या खुर्चीपासून पडद्यापर्यंत

बातमी आली तेव्हा लक्ष्मीकांत मॅच बघत होते. इंदुताई बहिणीकडे, शालिनीताईंकडे, झाशीला गेल्या होत्या. घरात एकटे असले की लक्ष्मीकांतांना पडदा पूर्ण दिसायचा, म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यातला स्कोअरसुद्धा. एरवी त्या कोपऱ्यावर इंदुताईंचा अंबाडा असायचा.

बैठकीची मांडणीच तशी होती. लक्ष्मीकांत मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर, समोरच्या भिंतीशी टीव्ही, आणि दोहोंच्या मधोमध इंदुताईंची वेताची खुर्ची. दिवाणावरून अर्धा गाव ओलांडून टीव्ही बघावा लागतो आणि त्यात मधे बायकोचं डोकं, अशी त्यांची तक्रार असे.

"अगं, स्कोअर किती?"

"तीन बाद नव्वद. आणि ओरडू नका, मी पुढ्यातच आहे."

"म्हणून तर विचारतोय. जरा डोकं सरकव."

"डोकं सरकत नाही. तुम्ही सरका."

कोणीच सरकत नसे. गोरखी मोहल्ल्यात राहायला आल्यापासून लक्ष्मीकांतांनी मॅच अशी निम्मी पाहिली होती आणि निम्मी बायकोच्या तोंडून ऐकली होती.

त्या दिवशी फोनवर शालिनीताईंचं नाव दिसलं. बहिणीच्या फोनवरून इंदुताईच स्कोअर विचारतायत असं वाटून त्यांनी फोन कानाला लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सांगून टाकलं, "आज मी स्वतः बघतोय बरं का! पाच गेले, आता काही खरं नाही."

पलीकडून शालिनीताईंच्या मुलाचा, विहंगचा आवाज आला. "काका, मावशी राहिली नाही. पूजेला बसली होती, तिथेच."

टीव्ही तसाच चालू राहिला. शेजारचे दौलतसिंह धावत आले आणि त्यांनी तो भिंतीवरच्या बटणानं बंद केला. तेराव्यापर्यंत लावायचा प्रश्नच नव्हता. पुढे लावायला हरकत नव्हती, पण ते बटण कोणी दाबलं नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी अवंतिका पुण्याहून आली. परत जायच्या आदल्या दिवशी तिनंच ते बटण दाबलं. टीव्हीनं थोडं घूं घूं केलं आणि गप्प बसला. दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण उघडून त्यानं मान हलवली. "बाबूजी, इसको अब जाने दो."

"नवा घेऊ," अवंतिका म्हणाली. "मोठा, पासष्ट इंची. दिवाणावरून छान दिसेल. फक्त आईची खुर्ची आतल्या खोलीत ठेवू या बाबा. नाहीतर मोठा टीव्ही घेऊन उपयोग काय? ती मधेच येते."

"बघू," लक्ष्मीकांत म्हणाले.

हा त्यांचा ठरलेला शब्द होता. खुर्चीची बैठक एका बाजूनं उसवली होती, ती विणून घ्या असं इंदुताई कितीतरी दिवस सांगत होत्या. टोपी बाजाराच्या तोंडाशी विणणारा बसतो, हेही सांगून झालं होतं. त्यावरही "बघू"च मिळालं होतं. शेवटी त्यांनी उसवलेल्या जागेवर एक उशी टाकली आणि विषय मिटवला.

अवंतिकाला बापाचा "बघू" चांगला माहीत होता. तिनं जाताना बजावलं, "ऑनलाइन नको तर नको, नई सडकवरूनच घ्या. पण दुकानात जाण्याआधी अंतर मोजा. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत किती इंच, त्याला दीडानं भागायचं. येईल तेवढ्या इंचांचा टीव्ही. त्याहून फार मोठा घेतला तर मान फिरवत बसाल, फार लहान घेतला तर डोळे ताणाल."

"डोळ्यांपासून," लक्ष्मीकांत म्हणाले. "नाकापासून नाही."

"बाबा!"

ती गेली. जाताना घर आवरून गेली होती. उशीचा अभ्राही तिनं धुतला आणि उशी कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतांनी मोजायला टेप शोधली. घरात एकच टेप होती, इंदुताईंच्या शिवणाच्या डब्यातली, ब्लाउजची मापं घ्यायची. तिचं एक टोक त्यांनी टीव्हीच्या टेबलाला चिकटपट्टीनं लावलं आणि दुसरं हातात धरून मागे मागे आले. टेप खुर्चीच्या पाठीपाशी संपली. साठ इंच. टेप तेवढीच होती. दिवाण अजून तेवढाच लांब होता. टेप उचलून पुन्हा लावली असती तर तेही माप निघालं असतं. त्यांनी टेप गुंडाळली आणि डब्यात ठेवली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. दूध उतू गेलं होतं.

हे वर्षभर चाललं होतं. लक्ष्मीकांत दूध तापत ठेवत, बैठकीत येऊन बसत, आणि वास आला की उठत. दौलतसिंह त्याच वेळी दारात उभे होते. आत डोकावून म्हणाले, "झाला का आजचा अभिषेक? पंत, देवाला वाहता त्याच्यापेक्षा जास्त दूध तुम्ही गॅसला वाहता."

"सरदार, बोलू नका. फडकं द्या."

हे दोघे एकमेकांना पंत आणि सरदार म्हणत. लक्ष्मीकांतांचे पूर्वज दरबारात कारकुनी करत आणि दौलतसिंहांचे पूर्वज घोड्यावर बसत. दौलतसिंह स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी घोड्याला फक्त लग्नाच्या वरातीत हात लावला होता, पण भांडणात पूर्वज उपयोगी पडत.

फडकं पिळता पिळता लक्ष्मीकांतांनी सांगितलं, "टीव्ही घ्यायला चाललोय. येता का?"

"येता का म्हणून काय विचारता? वर्षभर मी सुनेच्या मालिका बघतोय. पासष्टाचा घ्या. माझ्या गच्चीवरूनही दिसला पाहिजे."

नई सडकवर समरजीतचं दुकान होतं. त्याचे वडील रेडिओ विकत, हा टीव्ही विकत होता. आत एकाच भिंतीवर दहा-बारा टीव्ही लावले होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता.

"आइए काकासाहेब, या, बसा," समरजीत म्हणाला. "कितनी बडी पाहिजे?"

"तेच विचारायला आलोय," लक्ष्मीकांत म्हणाले.

"पासष्ट," दौलतसिंह म्हणाले.

"सरदार, टीव्ही कोणाच्या घरी लागणार आहे?"

"लागणार तुमच्या. बघणार मी."

समरजीत हसला. "पासष्ट पण आहे. पण काकासाहेब, पहिले ये बताइए, खोली केवढी आहे? बसणार किती लांब? इथे दुकानात सगळेच लहान वाटतात, घरी नेले की दार अडवतात. मागच्या दिवाळीत एक जण पंचाहत्तरचा घेऊन गेला. आता गल्लीत बसून बघतो."

"साठ इंच," लक्ष्मीकांतांनी सांगितलं. "पडद्यापासून डोळ्यांपर्यंत. मोजून आणलंय."

"साठ इंच? पाच फूट?" समरजीतनं बोटांवर हिशेब केला. "दीडानं भागलं तर चाळीस. मग त्रेचाळीसचा घ्या, एकदम फिट. आणि हे त्रेचाळीस म्हणजे रुंदी नाही हां, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं. तुमच्या टेबलावर आरामात बसेल."

"थांबा थांबा," दौलतसिंह मधे पडले. "पाच फूट कुठून आणलंत पंत? तुम्ही तर दिवाणावर बसता. ते दहा फूट आहे. पाच फुटांवर तर..."

आणि ते थांबले. पाच फुटांवर काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं. ते वळले आणि माशाकडे फार मन लावून बघू लागले.

समरजीतला यातलं काही माहीत नव्हतं. तो सरळ म्हणाला, "दहा फूट असेल तर बात अलग है. हिशेबानं ऐंशी येतात, पण घराला पासष्ट पुरे. काकासाहेब, पाच फुटांवर बसणार कोण?"

लक्ष्मीकांतांच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. दहा फूट म्हटलं तर पासष्टचा घ्यायचा, आणि पासष्टचा घेतला की खुर्ची आतल्या खोलीत जाणार. आतल्या खोलीत गेलेली वस्तू त्यांच्या घरात कधी बाहेर आली नव्हती. पाच फूट म्हटलं तर कोणाचं तरी नाव सांगायला हवं होतं. जिच्यासाठी मोजलं होतं तिचं सांगता येत नव्हतं.

"मी," ते म्हणाले. "मीच बसणार."

"तुम्ही?" दौलतसिंह माशाला सोडून वळले.

"का? मला खुर्चीवर बसता येत नाही?"

"येतं हो. बसा. मी कुठं नाही म्हणतोय?"

त्रेचाळीसचा पक्का झाला. परतताना गोरखीच्या वळणावर दौलतसिंह एकदम म्हणाले, "तुम्ही खुर्चीवर बसलात, तर दिवाण रिकामा."

"मग?"

"मग काय, मला झालं."

टीव्ही शनिवारी लागला, आणि रविवारी मॅच होती. दौलतसिंह तीळगुळाच्या गजकचा डबा घेऊन वेळेआधीच आले आणि दिवाणावर पाय पसरून बसले. लक्ष्मीकांत खुर्चीपाशी उभे राहिले. वर्षभर ते तिला वळसा घालून जात होते. कधी झाडताना हलवली तर फरशीवरच्या चार खुणांवर परत ठेवत होते. दुकानात "मी" म्हणणं सोपं होतं.

"बसा ना पंत. टॉस झाला."

ते बसले. बसले आणि लगेच अर्धे उठले.

"काय झालं?"

"टोचतंय."

वेताचं एक तुटकं टोक बरोबर मांडीत घुसलं होतं. उशी कपाटात होती. त्यांनी जरा डावीकडे सरकून पाहिलं, तिकडे दुसरं टोक होतं. इंदुताई म्हणायच्या, ही खुर्ची चावते, आणि ते म्हणायचे, तुझी कल्पना आहे. ते तसेच बसून राहिले.

पडदा मात्र सुरेख दिसत होता. मान फिरवावी लागत नव्हती, डोळे ताणावे लागत नव्हते. गवताचा रंग, खेळाडूच्या कपाळावरचा घाम, डाव्या कोपऱ्यातला स्कोअर, सगळं जिथल्या तिथे. अवंतिकाचा दीड बरोबर होता.

मागून आवाज आला, "पंत, स्कोअर किती?"

"दोन बाद चाळीस."

"जरा डोकं सरकवा. कोपरा दिसत नाही."

"डोकं सरकत नाही," लक्ष्मीकांत म्हणाले. "तुम्ही सरका."

हे तोंडातून गेलं आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. हे वाक्य दौलतसिंहांनीही या बैठकीत शेकडो वेळा ऐकलं होतं. मग दौलतसिंहांना हसू फुटलं, आणि ते बघून लक्ष्मीकांतांनाही. हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा लावताना मान सहज उजवीकडे वळली.

उजवीकडे स्वयंपाकघराचं दार होतं. दिवाणावरून त्या दारातून फक्त भिंत आणि कॅलेंडर दिसायचं. खुर्चीवरून सरळ गॅस दिसत होता. गॅसवर दूध होतं आणि दूध वर येत होतं.

लक्ष्मीकांत उठले, भराभर गेले आणि गॅस बंद केला. साय काठाशी येऊन खाली बसली. एक थेंब सांडला नाही.

ते पातेल्याकडे बघत उभे राहिले. इंदुताईंचे डोळे कमजोर म्हणून त्या जवळ बसतात, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. जवळ बसायचं होतं तर टीव्हीला आणखी चिकटूनही बसता आलं असतं, आणि बाजूला बसल्या असत्या तर कोणाच्या आड आल्या नसत्या. पण टीव्ही आणि गॅस दोन्ही एकदम दिसतील अशी जागा बैठकीत ती एकच होती. त्यांच्या हयातीत या घरात दूध उतू गेल्याचं त्यांना आठवेना.

"पंत!" बाहेरून हाक आली. "अहो, तिसरा गेला! आणि स्कोअर तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"का, आता मधे कोण आहे? स्वतः बघा!"

"दिसतोय हो. पण सवय लागली."

संध्याकाळी अवंतिकाचा फोन आला. "बाबा, किती इंची घेतला? छोटा नाही ना वाटत?"

"त्रेचाळीस. बरोबर आहे."

"त्रेचाळीस? दिवाणावरून?"

"खुर्चीवरून."

"आईच्या?"

"हो. इथून दूधही दिसतं. तुला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, उशी कपाटात आहे. निळ्या अभ्र्यातली. काढून घ्या."

त्यांनी उशी काढली आणि उसवलेल्या जागेवर टाकली. आता टोचत नाही. मॅच असली की दौलतसिंह दिवाणावर असतात आणि स्कोअर विचारतात. दूध वेळेवर उतरतं. खुर्ची टोपी बाजारात नेऊन विणून आणायची मात्र अजून राहिली आहे.